बंदूक, कॅमेरा आणि मधला वेळ

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत माणूस खांद्याला रायफल अडकवून भर रस्त्यात उभा राहू शकतो. समोर पोलिस कुणाला पकडत असतील, तर फोन काढून त्याचं चित्रीकरणही करू शकतो. दोन्ही करणारे कारण एकच सांगतात: आपल्यावर कुणाची तरी नजर आहे हे पोलिसांना कळलं पाहिजे. म्हणून बंदूक आणि कॅमेरा ही एकाच हक्काची दोन अंगं आहेत, असं तिथे पुष्कळजण मनापासून मानतात. मला ते पटत नाही. बंदूक समोरच्याचा विचार करायचा वेळ हिरावून घेते. कॅमेरा तो वेळ वाढवतो.

१९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. (मराठी वाचकाला हे नाव परकं नाही, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हेच नाव घेऊन.) पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गाडी अडवली की पँथरवाले मागोमाग उतरत. भरलेल्या बंदुका उघड धरून, पण ठरावीक अंतर राखून उभे राहत आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने ऐकवत. न्यूटन कायद्याची पुस्तकं बरोबर बाळगत असे. म्हणजे बंदूक आणि साक्ष यांची जोडी तिथे अगदी विचारपूर्वक बांधलेली होती. त्यामागची गरज खरी होती आणि धैर्यही खरं होतं. पण राज्याने पाहिलं ते फक्त बंदुकीकडे. आमदार डॉन मलफर्ड यांनी अशा बंदुकांवर बंदी घालणारं विधेयक आणलं, त्याच्या विरोधात २ मे १९६७ रोजी पँथरवाले सशस्त्र सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले, आणि जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. पोलिस काय करतात ते रस्त्यात उभं राहून बघण्यावर त्या कायद्याने बंदी घातली नव्हती. पण ती गोष्ट या गदारोळात बाजूलाच पडली.

बंदुकीचा हक्क कागदावर असतानाही तो रस्त्यावर कसा उरत नाही, हे ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात दिसलं. फिलँडो कॅस्टिल हा शाळेच्या भोजनगृहात काम करणारा माणूस. पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा आपल्याजवळ बंदूक आहे हे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. बंदूक बाहेर काढलेलीही नव्हती. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या आणि कॅस्टिलचा जीव गेला. दोष कॅस्टिलचा नव्हता, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण बंदूक हा नुसता शब्द उच्चारला गेला आणि विचाराला जागाच उरली नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने लगेच फोनवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं. त्यात पोलिसाचं पिस्तूल अजून खिडकीतून रोखलेलं दिसतं, आणि ती त्याला ‘सर’ म्हणत, एकेक वाक्य जपून बोलत, काय घडलं ते जगाला सांगते आहे.

दुसऱ्याच संध्याकाळी डॅलसमध्ये पोलिसी गोळीबारांच्या निषेधाचा मोर्चा निघाला. टेक्सासच्या कायद्यानुसार मोर्चातले काहीजण रायफली घेऊन आले होते. एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केलं आणि रायफल घेतलेला प्रत्येकजण संशयित झाला. त्यातल्या एका निरपराध माणसाचा फोटो तर पोलिसांनीच संशयित म्हणून प्रसारित केला. जिथे बंदूक उघड बाळगणं कायदेशीर आहे, तिथे केवळ तेवढ्यावरून कुणाला अडवून ठेवता येत नाही, असं एका केंद्रीय अपील न्यायालयाने २०१३ सालीच सांगितलं होतं. निकाल योग्यच आहे. पण न्यायालयाला विचार करायला महिने मिळतात, रस्त्यावरच्या शिपायाला दोन सेकंद.

कॅमेऱ्याचं काम या दोन सेकंदांनंतर सुरू होतं. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या घराच्या सज्जातून रॉडनी किंगला पोलिसांकडून होणारी मारहाण टिपली. ती फीत म्हणजे काही रामबाण उपाय नव्हता. बचावाच्या वकिलांनी ती थांबवत थांबवत दाखवून प्रत्येक दंडुक्याचं समर्थन केलं. १९९२ साली ज्यूरीने चार पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं. साठाहून अधिक माणसं गेली. पण फीत टिकली. १९९३ साली केंद्रीय न्यायालयात ती पुन्हा लागली आणि त्या चौघांपैकी दोघे दोषी ठरले. झाडलेल्या गोळीवर असं अपील करता येत नाही.

बॉस्टनमध्ये २००७ साली एका वकिलाने सुमारे दहा फुटांवरून अटकेचं चित्रीकरण केलं म्हणून त्यालाच अटक झाली. २०११ साली अपील न्यायालयाने हा त्याचा घटनादत्त हक्क असल्याचं सांगितलं आणि पुढे शहराला १ लाख ७० हजार डॉलर मोजावे लागले. मला ते दहा फूट महत्त्वाचे वाटतात. साक्षीदाराने प्रसंगाबाहेर असावं लागतं. बंदूक घेऊन दहा फुटांवर उभा असलेला माणूस प्रसंगाच्या आत असतो, त्याची इच्छा असो वा नसो. त्याचं चित्रीकरण मग एका पक्षाचं म्हणणं ठरतं.

२५ मे २०२० रोजी मिनीॲपोलिसमध्ये सतरा वर्षांच्या मुलीने पोलिसाच्या गुडघ्याखाली मान दाबली जाऊन झालेला जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू फोनवर टिपला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याला वैद्यकीय त्रास होत असल्याचं म्हटलं होतं. गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. तिचं चित्रीकरण समोर आलं आणि ते निवेदन टिकलं नाही. पुढे खटल्यात बचाव पक्षाने भोवतालच्या जमावाकडे बोट दाखवलं: लोक आक्रमक होत होते, त्यामुळे पोलिसाचं लक्ष विचलित झालं. फितीत मात्र पदपथावरून ‘नाडी तपासा’ म्हणून ओरडणारी निःशस्त्र माणसं दिसत होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने पोलिसाला दोषी ठरवलं. त्या माणसांपैकी एकाच्याही खांद्याला रायफल असती, तर बचावाच्या वकिलाला दुसऱ्या कुठल्या युक्तिवादाची फारशी गरज पडली नसती.