पेत्राला लुटून पौलाला देणे

वाचन : रोम. १३:७-८, मार्क ७:९-१३



पेत्राला लुटून पौलाला द्यावे, अशी इंग्रजीत एक जुनी म्हण आहे. एकाचे देणे भागवण्यासाठी दुसऱ्याचे घ्यायचे, हा तिचा अर्थ. आपण ह्यालाच 'ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर' म्हणतो. देणे फिटल्यासारखे वाटते. खरे पाहता ते फक्त घर बदलते.

एके वर्षी खडोलीत सुगीच्या उपकारस्तुतीला आम्ही पाचशे रुपयांचे अर्पण दिले. मन सुखावले. पण वाण्याची तीन महिन्यांची उधारी थकली होती, आणि ते पैसे त्याचे होते. दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन एवढेच म्हणाला, "भाऊ, देवाला दिलेत, चांगले केलेत. पण चूल माझ्याही घरी आहे." आम्ही मान खाली घातली.

प्रभूच्या काळीही काही लोक आईबापांच्या वाट्याचे धन 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून मोकळे होत. प्रभूने त्यांचा ढोंगीपणा उघड केला. दुसऱ्याचा हक्क बुडवून केलेले अर्पण देवाला नको आहे.

कर्जाचा जाच आपल्या भागाला नवा नाही. शेजारच्या डहाणू-तलासरीकडे वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि नवराबायको दोघे त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारली बांधव ह्या वेठीविरुद्ध उठले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर बंद झाली. तरी आजही आपण मांडवासाठी एकाकडून काढतो, त्याचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्याकडून. आता दावे आपणच आपल्या गळ्यात बांधतो.

पौल सांगतो, ज्याचे त्याला द्या. ऋण उरावे ते केवळ प्रीतीचे. हे ऋण मात्र कितीही फेडले तरी उरतेच, आणि त्याची लाज वाटत नाही.

वाण्याचे पैसे आम्ही चार महिन्यांत फेडले. पुढच्या सुगीला आमचे अर्पण शेरभर नागलीचे होते, पण ते आमचे होते. रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी मुलांना अर्पणाची पेटी दाखवताना हेही शिकवावे.

आपल्या प्रभूने आपले ऋण फेडले, ते कोणाला लुटून नव्हे. त्याने स्वतःचेच रक्त दिले. आमेन.