झाडूवाल्याचा पाळक झाला

चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचा जन्म १८५१ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातला. वडील गुलाम, आई स्वतंत्र. म्हणून कायद्याच्या लेखी मूलही स्वतंत्र. पण आई लवकर गेली आणि नाइलाजानं वडिलांनी पोराला दुसऱ्यांकडे राबायला ठेवलं. तिथे पुस्तकाला हात लावायची सोय नव्हती. पोरगा रस्त्यावर पडलेले वर्तमानपत्राचे कपटे उचलून सदऱ्यात दडवायचा. रात्री घर झोपलं की पाइनच्या राळभरल्या ढलप्या पेटवायचा, कुणाला दिसू नये म्हणून जमिनीवर पालथा पडायचा आणि जो शब्द लागेल त्यावर कोळशानं खूण करायचा. शिकवायला कुणीच नव्हतं.

एका रविवारी तो अनवाणीच चर्चमध्ये गेला. अंगातला एकुलता एक सदरा स्वतःच धुतलेला. ज्या मुलांना पवित्र शास्त्र वाचता येतं त्यांनी पुढे यावं, असं पाळकांनी म्हणताच हाही पुढे गेला. लोक त्याच्या उघड्या पायांकडे बघत राहिले. त्याने वाचून दाखवलं.

यादवी युद्धानंतर टिंडली फिलाडेल्फियाला आले आणि विटा वाहणारे बिगारी झाले. बेनब्रिज स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चची झाडलोटही त्यांनी पत्करली, तीही बिनपगारी. पाळक व्हायचं तर ग्रीक आणि हिब्रू यायला हवं. ग्रीक त्यांनी बोस्टनच्या धर्मविद्यालयाकडून टपालानं शिकून घेतलं. हिब्रूसाठी शहरातल्या यहुदी सभास्थानात जाऊन विचारलं, आणि त्या लोकांनी शिकवलं. एका ख्रिस्ती झाडूवाल्याला परधर्माच्या माणसांनी आपली पवित्र भाषा दिली! मला या साऱ्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पाळकपदाच्या परीक्षेची एक आठवण सांगतात. पदव्या घेऊन आलेल्या एका उमेदवारानं त्यांना विचारलं, आमच्याकडे प्रमाणपत्रं आहेत, तुमच्याकडे काय आहे? टिंडली म्हणाले, माझ्याकडे फक्त झाडू आहे. एकही पदवी नसलेला हा माणूस त्या परीक्षेत वरच्या गुणांनी उत्तीर्ण झाला.

या कथेचा बोध साधा आहे: हलक्या कामानं माणूस हलका होत नाही, आणि ‘मला शिकवा’ म्हणण्यात कमीपणा नाही.

न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँडमधल्या मंडळ्या सांभाळून १९०२ साली ते फिलाडेल्फियाला परतले ते, जे चर्च झाडलं त्याच चर्चचे पाळक म्हणून. तेव्हा मंडळीत जेमतेम १३० सभासद होते. पुढे ही संख्या १०,००० वर गेली असं नोंदवलं जातं. काळे-गोरे एकत्र बसून उपासना करत, आणि भुकेल्यांना तिथे जेवण मिळे. त्यांची गीतंही याच माणसांसाठी होती. भाडं थकलेल्या, काम सुटलेल्या, घरात आजारपण असलेल्या माणसाला रविवारी गाता यावं, अशी. १९०५ सालचं ‘स्टँड बाय मी’, १९१६ सालचं ‘लीव्ह इट देअर’ आजही चर्चमध्ये गातात. गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी यांनी टिंडलींचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. आपल्या शाळांतून घुमणारं ‘हम होंगे कामयाब’ ज्या इंग्रजी गाण्यावरून आलं, त्याचंही एक मूळ काही अभ्यासक टिंडलींच्या १९०१ च्या गीतात शोधतात; त्यावर मात्र एकमत नाही.

१९२४ साली ब्रॉड स्ट्रीटवर मोठी वास्तू उभी राहिली. आपलं नाव देऊ नका, असं ते सांगत राहिले. मंडळीनं ऐकलं नाही, ‘टिंडली टेंपल’ हेच नाव दिलं. १९३३ साली ते वारले.

तुमच्या कचेरीत, सोसायटीत झाडलोट करणारं एखादं पोर परीक्षेचा फॉर्म भरत असेल, तर त्याला काय अडतंय ते विचारा. तुम्हाला गणित येत असेल तर गणित शिकवा, इंग्रजी येत असेल तर इंग्रजी. त्यानं मागायची वाट पाहू नका.