गोष्टीला गुण किती?

मूल मोठे होत असताना एक वय असे येते, की त्या वयात ते नेमके कोणाचे आहे हे सांगणे अवघड होते. आईचा पदर सुटलेला असतो आणि जगाने अजून हात धरलेला नसतो. या वयाच्या मुलाला आपण मराठीत कधी कुमार म्हणतो, कधी किशोर म्हणतो. घरात मात्र त्याची ओळख इयत्तेवरूनच करून देतात. "यंदा आमचा दहावीला आहे," किंवा "हिचे बारावीचे वर्ष आहे," एवढे सांगितले की सगळे सांगून झाले. या वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहिण्यात एखाद्या लेखकाने आपली वर्षे घालवावीत काय, आणि त्या वाचण्यात मुलांनी आपला वेळ घालवावा काय, हा प्रश्न मी या दिवाळीत वाचकांपुढे ठेवणार आहे. वरवर पाहता तो साहित्याचा प्रश्न आहे. मला तो नीतीचा वाटतो.

मी लातुरात राहतो. मध्यंतरी एका परिचिताच्या सोळा वर्षांच्या मुलाला मी भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही कादंबरी भेट दिली. मुलाचे वडील औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि कसलाही उपरोध न आणता विचारले, "सर, ह्याला मार्क किती हायेत?"

या प्रश्नाला हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. याच औसा तालुक्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि गणपतीचे विसर्जन करून निजलेली माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. घर, पाऊस आणि शेतमालाचा भाव यांपैकी कशाचाच भरवसा जेथे धरता येत नाही, तेथे माणसे गुणपत्रिकेवर भरवसा ठेवतात. त्या भरवशाला आधारही होता. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी यांनी जादा तास, सराव परीक्षा आणि शंकानिरसन यांची जी शिस्त घालून दिली, तिच्या बळावर खेड्यातली मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने गुणवत्ता यादीत चढली. तिलाच पुढे 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले. ज्या घरात कधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्या घरातून डॉक्टर निघाले. हे लहान काम नव्हे. आणि हे वाघमारे स्वतः कोण? इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिणारे, आणि १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तेव्हा या शिस्तीच्या मुळाशी पुस्तकांविषयी वैर होते असे कोणी म्हणू नये.

परंतु शिस्तीचा व्यवसाय झाला की तिचे रूप पालटते. आज लातूरच्या 'ट्यूशन एरिया'त किंवा नांदेडच्या भाग्यनगराकडे संध्याकाळी फिरून पाहावे. खोल्या, मेस, डब्यांच्या रांगा, पाठीवर दप्तरे घेतलेली शेकडो मुले. आणि जागोजागी 'अभ्यासिका' अशी पाटी. हा शब्द मला विचार करायला लावतो. पूर्वी गावात वाचनालय असे आणि त्यात पुस्तके असत. अभ्यासिकेत टेबल असते, दिवा असतो, पंखा असतो, भाड्याने घेतलेली खुर्ची असते. पुस्तक ज्याचे त्याने आणायचे असते, आणि कोणते आणायचे ते आधीच ठरलेले असते. २०२५ साली वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस देशभरातून सुमारे २२ लाख मुले बसली, एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे बहुसंख्य मुले जी वर्षे पणाला लावतात ती परत मिळत नाहीत. राजस्थानातील कोट्याहून ज्या दुःखद बातम्या येतात त्या तर आपण वाचतोच.

अशा ठिकाणी कुमारांसाठी लिहिणारा लेखक म्हणजे भर बाजारात पाणपोई घालून बसलेला माणूस. सासण्यांचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. ते १९५१ साली जन्मलेले, मूळचे जालन्याचे, म्हणजे आमच्याच मराठवाड्याचे. शासकीय सेवेत राहून त्यांनी अनेक वर्षे लेखन केले आणि दीर्घकथाकार म्हणून नाव मिळवले. माणसाच्या मनातील काळोख, भय आणि करुणा यांचा शोध घेणारे हे लेखन निश्चितच प्रौढांचे. २०२२ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले. मराठी लेखकाला यापेक्षा उंच आसन नाही. आणि २०२४ साली साहित्य अकादमीने त्यांना जो पुरस्कार दिला तो बालसाहित्याचा, एका भूतबंगल्याच्या कादंबरीसाठी!

पुष्कळांना हा उतार वाटतो. आपल्याकडे लेखकाने लहानांसाठी लिहून हात बसवावा आणि मग मोठ्यांकडे वळावे असा एक अलिखित क्रम आहे. उलटा प्रवास करणाऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात, पण त्या कौतुकात थोडी दया असते. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. प्रौढ वाचक लेखकाला सांभाळून घेतो. कंटाळवाणे पानही तो प्रतिष्ठेपायी वाचतो. चौदा वर्षांची मुलगी असे काही करत नाही. ती पुस्तक मिटते आणि उठून जाते. ज्याला आयुष्यभराच्या कमाईनंतर या वाचकापुढे उभे राहावेसे वाटते, त्याने कठीण परीक्षक निवडला आहे.

शिवाय या वाचकाला साहित्यात स्वतःचे घरही नाही. अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नऊ ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना असतो. तिचा युवा पुरस्कार आहे, पण तो लेखकाचे वय पाहून दिला जातो, वाचकाचे नव्हे. म्हणजे सोळा संपले की मुलगा थेट प्रौढांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहतो. आणि आमच्याकडे तर नेमक्या त्याच वर्षी त्याला अकरावीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातलेली असते. अमेरिकेत या वयाच्या वाङ्मयाला वेगळे स्थान मिळवून देणाऱ्या पुस्तकांत एस. ई. हिंटन यांच्या 'द आउटसायडर्स' या १९६७ च्या कादंबरीचे नाव आवर्जून घेतात. ती त्यांनी शाळेत असतानाच लिहिली, आणि लिहिली त्याच वर्षी सर्जनशील लेखनाच्या विषयात त्यांना 'डी' श्रेणी मिळाली होती! गुण आणि गोष्ट यांचे जमत नाही ते असे फार दिवसांपासून.

आपल्याकडे हे घर बांधण्याचा प्रयत्न ज्यांनी जन्मभर केला ते भा. रा. भागवत. १९१० ते २००१ असे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढले, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे जन्माला घातला. हा हडकुळा मुलगा सायकलवर टांग मारून कोठेही जाई आणि कोणत्याही भानगडीत डोके घाली, कारण त्याच्यापाशी वेळ होता. २०१७ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. निर्मात्यांत लातूरजवळच्या बाभळगावचे रितेश देशमुख होते. त्या चित्रपटातला बनेश मोठा झाला आहे आणि तो पुण्याला येतो तो वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देण्यासाठी. तेथे एका परीक्षार्थीच्या मृत्यूचे गूढ त्याच्यापुढे उभे राहते. काळाने फास्टर फेण्यालाही अभ्यासिकेपर्यंत आणून सोडले. पण तेथे गेल्यावरही फेणे तो फेणेच. समोर अन्याय दिसताच त्याला स्वस्थ बसवत नाही.

येथे मूळ प्रश्नाला हात घालता येईल. त्या परीक्षेत २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे, त्यांतले एक बरोबर, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. यातून मुलाला एक शहाणपण आपोआप मिळते: जेथे खात्री नाही तो प्रश्न सोडून द्यावा. परीक्षेपुरते ते योग्यच आहे. पण आयुष्यातले जे खरे प्रश्न असतात, मित्र चोरी करताना दिसला तर काय करावे, वडील अन्यायाने वागले तर बोलावे की गप्प राहावे, त्यांच्याखाली चार उत्तरे छापलेली नसतात आणि ते सोडूनही देता येत नाहीत. भूतबंगल्याच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलाला आत काय आहे ते ठाऊक नसते. तरी त्याला ठरवावे लागते, आणि वाचणारा मुलगा त्याच्याबरोबर ठरवतो.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. "पाहा, कादंबरीचाही उपयोग आहे," असे म्हणून मी तिची वकिली करू लागलो, तर मीही तिला गुणच मागितले असे होईल. मग उद्या कोणीतरी 'धाडसविकास वर्ग' काढील आणि त्याची फी ठरवील. खरे सांगायचे तर गोष्ट वाचणारा मुलगा त्या वेळी कशाचीही तयारी करत नसतो. तो जगत असतो. सोळावे वर्ष हे पंचविसाव्या वर्षाचे बियाणे आहे असे आपण धरून चाललो आहोत. पण ते स्वतःही एक वर्ष आहे, आणि ज्याचे आहे त्याला ते एकदाच मिळते.

लेखकावरही यातून एक बंधन येते. अभ्यासाच्या ओझ्याऐवजी त्याने उपदेशाचे ओझे दिले तर त्या मुलाची सुटका कसली? आणि सगळे गोड करून सांगितले तर ती फसवणूक. 'श्यामची आई' १९३५ सालची. तिच्यात दारिद्र्य आहे, अपमान आहे, आणि शेवटी आई जाते. पिढ्यान्पिढ्या मराठी मुलांनी ते सोसले, कारण साने गुरुजींनी त्यांना खरे ऐकण्याच्या योग्यतेचे मानले. ज्या जिल्ह्याने किल्लारी पाहिली तेथल्या मुलांना भय काय ते शिकवायला नको. गोष्टीतले भय मात्र असे असते की ते पान उलटून पुढे नेता येते आणि नको वाटले तर मिटता येते. ही सत्ता मुलाच्या हाती देणे, एवढेच लेखकाचे काम. ते साधे नाही.

नांदेडने नरहर कुरुंदकर पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत वाचन आधी आले आणि पदव्या मागून आल्या. शाळेत शिकवता शिकवता ते पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच नांदेडात मुख्याध्यापक म्हणून काम केलेले डॉ. सुरेश सावंत यांना 'आभाळमाया' या कवितासंग्रहासाठी २०२५ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लागोपाठ दोन वर्षे हा मान मराठवाड्याशी नाते असलेल्या लेखकांकडे यावा, आणि त्यांचा वाचक याच मराठवाड्यात सर्वांत कमी मोकळा असावा, यातला विरोध आपल्याला बोचला पाहिजे.

मुलाचा वेळ आपल्याकडे विश्वस्तासारखा असतो. विश्वस्ताने ठेव वाढवावी, ती सुरक्षित ठिकाणी गुंतवावी, हे खरे. पण सगळीच्या सगळी गहाण टाकण्याचा त्याला अधिकार नाही. फी भरणाऱ्या बापाचे कष्ट मी जाणतो, आणि त्याने क्लास बंद करावा असे मी सुचवत नाही. दिवाळीसाठी मूल चार दिवस घरी आले आहे. त्यातला रोज एक तास त्याला द्यावा, एखादे पुस्तक त्याच्या हाताशी ठेवावे, आणि नंतर "काय शिकलास?" असे मात्र विचारू नये. असे तास ज्याच्या पानांवर खर्च व्हावेत म्हणून एखादा लेखक म्हातारपणीही भूतबंगल्याचे दार उघडून बसतो, त्याने आपले आयुष्य किरकोळ कामात घालवले असे मला म्हणवत नाही.