गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी मंगळ

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसले आहेत. हाच प्रसंग चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही आहे. पार्वतीनं डाव जिंकला आहे आणि शंकर तिच्याकडे आणखी एक डाव मागतो आहे, असा या शिल्पांचा अर्थ अभ्यासक लावतात. खाली गणांनी नंदीला घेरलंय, त्याला छळायचा दंगा चाललाय. धन्यानं नंदीलाच पणाला लावलं आणि गमावलं, हे ध्यानात घेतलं की त्या दंग्याचा उलगडा होतो. हरणाऱ्याला नेहमी आणखी एक डाव हवा असतो, आणि हरल्याची झळ पटाबाहेरच्या मुक्या जिवाला बसते, या दोन्ही गोष्टी त्या कारागिरांनी दगडात नेमक्या पकडल्या.

दिवाळीतल्या पाडव्याला बलिप्रतिपदेबरोबर द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वतीच्या आठवणीनं डाव मांडावा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज घ्यावा, अशी चाल आहे. लॉटरीचं तिकीट ही निरुपद्रवी गंमत आहे, असं म्हणणारा या पाडव्याकडे बोट दाखवतो. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण पाडव्याचा पट त्याच दिवशी गुंडाळला जातो, समोर बसलेला माणूस ओळखीचा असतो आणि हरलेले पैसे बहुधा घरातल्या घरातच राहतात. तिकिटाच्या दुकानात यातलं काहीच नसतं.

मराठी वाचकाला गंमत कुठे संपते, या प्रश्नाची सर्वांत जवळची गोष्ट म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त सापडते. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव याला द्यूताचा नाद होता. एकदा तो मोठी रक्कम हरला. देणं भागवायला त्यानं पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिनं ते दिले नाहीत. पुढे वडिलांनी कर्ज फेडलं, पण हरिपाळदेवाचं मन संसारातून उठलं. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून तो घराबाहेर पडला, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढे महानुभाव पंथाचा प्रवर्तक चक्रधर म्हणून महाराष्ट्रानं त्याला ओळखलं. या कथेत सगळ्यांचं लक्ष वैराग्याकडे जातं. कमळाइसेच्या नकाराकडे मात्र फारसं कुणी थांबून पाहत नाही. दागिने तिचे होते. ज्या क्षणी नवऱ्यानं त्यांच्यासाठी हात पुढे केला, त्या क्षणी खेळ संपला होता. दुसऱ्याच्या वाट्याचं पणाला लागलं होतं, आणि ते तिनं थांबवलं.

किती रुपये घातले यापेक्षा कुणाचे घातले, हा प्रश्न जगातल्या बऱ्याच धर्मांनी विचारलेला दिसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचंच मनोगत आहे. बेहड्याच्या फळांचे फासे तेव्हा खेळात असत. घरी बायको खिन्न, आई चिंतेत, सासू तिरस्कार करणारी, आणि तो कर्जाच्या भयानं रात्रीच्या वेळी दुसऱ्यांच्या दारी. फासे सोड आणि शेत नांगर, असा सल्ला त्याला अखेरीस मिळतो. 'दीघनिकाया'तल्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध तरुण गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवतात. त्यात पैसा जाणं हा एकच आहे. बाकीच्यांत जिंकल्यानं वैर वाढतं, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र दुरावतात, लग्नासाठी कुणी मुलगी देत नाही, असे व्यवहारी मुद्दे आहेत. कुराणात मद्य आणि जुगार यांचा एकत्र उल्लेख येतो, तिथे या दोन्हींत लोकांसाठी थोडा फायदा आहे, हे आधी मान्य केलेलं आहे आणि मग त्यांचं पाप त्या फायद्यापेक्षा मोठं ठरवलं आहे. समोरच्याचं खरं असेल तेवढं मान्य करून मग निवाडा देण्याची ही रीत मन जिंकते. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण आणखी मवाळ आहे: नशिबाचे खेळ मुळात अन्याय्य नाहीत, पण माणसाच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचं त्यात जाऊ लागलं की ते अमान्य होतात. चर्चच्या आवारात सणासुदीला हाउजी रंगते ती याच सीमारेषेच्या आत.

याच तत्त्वावर बोलायचं तर केरळमधली एक घटना लॉटरीचा सर्वांत हसरा चेहरा ठरेल. मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगाडी नगरपालिकेत कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी २०२३च्या मान्सून बंपरचं अडीचशे रुपयांचं एक तिकीट घेतलं. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये घातले. दोघींकडे तेवढेही नव्हते, म्हणून त्यांनी एक वाटा साडेबारा-साडेबारा रुपयांत वाटून घेतला. त्या तिकिटाला दहा कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. अशा तिकिटाला पैशांची नासाडी म्हणणं कठीण जातं. सोडतीत त्यांना काहीच लागलं नसतं, तरी अडीचशे रुपयांत अकरा जणींनी काही दिवस एकत्र स्वप्न पाहिलं असतं, आणि तो खर्च चहा-वड्याच्या खर्चाहून वेगळा ठरला नसता.

पण ही गोष्ट सांगितली जाते ती लागलेल्या तिकिटामुळे. न लागलेल्यांचं गणित कुणी मांडत नाही. ते मांडायची जुनी जागा महाभारतात आहे.

वनपर्वातल्या नलाख्यानात नळ राजा पुष्कराशी फासे खेळून राज्य घालवतो, कारण त्याच्या अंगात कली शिरलेला असतो. पुढे तो बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. प्रवासात ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाकडे नुसतं पाहून त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं सांगतो: पानं पाच कोटी आणि फळं दोन हजार पंच्याण्णव. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजतो. आकडा जुळतो. मग तो आपली अश्वविद्या देऊन ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचं आणि मोजणीचं मर्म शिकून घेतो. ते शिकताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो. संभाव्यतेच्या शास्त्राचा इतिहास लिहिणारे अभ्यासकही या कथेपाशी थांबतात. जुगाराचं भूत उतरवायला इथे मंत्र, उपास किंवा शपथ लागलेली नाही. मोजता येऊ लागलं, एवढंच घडलं आहे.

बाहुकासारखा रथ थांबवून एक झाड मोजून पाहू. केरळच्या २०२२च्या ओणम बंपरचं तिकीट ५०० रुपयांना होतं आणि अशी सुमारे ६६ लाख तिकिटं विकली गेली. म्हणजे जमा झाले जवळजवळ ३३० कोटी रुपये. पहिलं बक्षीस २५ कोटींचं. दर आठवड्याला अशी एक सोडत निघाली आणि एखाद्यानं प्रत्येक वेळी एक तिकीट घेतलं, तर सरासरीनं एकदा पहिलं बक्षीस लागायला सव्वा लाख वर्षं जातील. बक्षीस लागलंच, तरी २५ कोटी हाती येत नाहीत. एजंटाचं दहा टक्के कमिशन आणि उरलेल्यावर तीस टक्के आयकर वजा जाता १५ कोटी ७५ लाख उरतात. 'कुणाला तरी लागतंच ना' हे दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य खोटं नाही. मात्र त्यातल्या 'कुणाला तरी'मध्ये बाकीचे सगळे मावतात, एकटे आपण मावत नाही.

इथवर प्रश्न विकत घेणाऱ्याचा झाला. विकणाऱ्याचा प्रश्न त्याहून जड आहे.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ त्यानं नेमलेल्या एकाच ठिकाणी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड व्हावा, खोटे फासे पकडले जावेत आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच राज्याला मिळावेत, अशी व्यवस्था तिथे सांगितली आहे. खेळ एका जागी आणण्याचं कारण म्हणून चोरून जगणारी माणसं हुडकण्याची सोय दिली आहे. कौटिल्याचं राज्य जुगारावर नजर ठेवत होतं, त्यातून महसूलही घेत होतं. पण प्रजेनं अधिक खेळावं म्हणून आमिष दाखवणं हे त्या अधिकाऱ्याच्या कामांत येत नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मुंबईत तेव्हा मटका भरात होता. लोकांनी बेकायदा जुगाराकडे जाऊ नये आणि तो पैसा राज्याच्या कामी यावा, हा त्यामागचा विचार होता. केरळनं त्याआधीच वाट दाखवली होती. तिथली पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ला निघाली, एक रुपयाच्या तिकिटावर पन्नास हजारांचं पहिलं बक्षीस होतं. हेतू प्रामाणिक असावा, असं मानायला जागा आहे. पण पुढे जे झालं ते तिकिटांच्या नावांत वाचता येतं. महाराष्ट्राच्या लॉटऱ्यांत गजलक्ष्मी आहे, सागरलक्ष्मी आहे, गणेशलक्ष्मी आहे. केंद्राच्या १९९८च्या कायद्यानं एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढता येते. तेव्हा गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी मंगळ अशी वारावारांची तिकिटं निघाली. केरळातही प्रत्येक वाराला वेगळ्या नावाची लॉटरी असते. कायद्यानं आठवड्यात एकदा म्हणून घातलेली मर्यादा अशी रोजची झाली.

आणि नाव कुणाचं घेतलं, तेही पाहावं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मराठी घरांत नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात. घर झाडून स्वच्छ ठेवणाऱ्या हातांजवळ लक्ष्मी राहते, ही त्यामागची श्रद्धा. जोडावं ते चोख व्यवहारानं जोडावं, ही तुकोबांची शिकवणही याच घरांत मुरलेली. त्या लक्ष्मीचं नाव सरकारनं तिकिटावर छापलं आहे. श्रद्धाळू माणूस अशा तिकिटाला कपाळाला लावून खिशात ठेवतो तेव्हा तो भोळा असेल, पण त्याची भक्ती खरी असते. तिचा असा वापर करणं हा त्या भक्तीचा अपमान आहे.

न्यायालयानं जुगाराच्या बाबतीत आडपडदा ठेवला नाही. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७च्या खटल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदापासून महाभारत आणि स्मृतींपर्यंतचे दाखले देत जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाकारलं. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: लॉटरी राज्यानं चालवली म्हणून तिचं जुगारपण जात नाही. तमिळनाडूनं २००३मध्ये आणि कर्नाटकानं २००७मध्ये लॉटरी बंद केली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कारण घरं उद्ध्वस्त होत होती. सरकारी तिकीट त्या बंदीत आलं नाही. त्यावरचा जीएसटी मात्र पुढच्याच महिन्यात २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. कौटिल्याचे शेकडा पाच इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०२४मध्ये निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली तेव्हा सर्वाधिक, १,३६८ कोटींचे रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्याच धंद्यातली निघाली.

केरळकडे या आक्षेपांचं एक भक्कम उत्तर आहे. २०११मध्ये तिथे 'कारुण्य' लॉटरी सुरू झाली आणि तिच्या उत्पन्नातून गरिबांच्या गंभीर आजारांवरच्या उपचारांना मदत मिळू लागली. तिकिटं विकून अनेक अपंग आणि वृद्ध माणसं पोट भरतात. ज्याच्या घरी त्या पैशातून डायलिसिस झालं, त्याच्यापुढे लॉटरीविरुद्ध व्याख्यान देणं क्रूर ठरेल. तरीही एक शंका उरते. गरिबाचा दवाखाना ही सगळ्या समाजाची जबाबदारी असेल, तर तिचा भार उत्पन्न पाहून लावलेल्या करातून उचलला जावा. तो भार रिक्षाचालक, मजूर, मोलकरीण यांच्या आशेवर टाकला की एका गरिबाचं औषध दुसऱ्या गरिबाच्या हरण्यातून येतं. दोघांनाही ते कळत नाही.

ओणम बंपरचे ते २५ कोटी तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागले. तिकिटाला पन्नास रुपये कमी पडत होते, म्हणून त्यानं लहान मुलाचा गल्ला फोडला होता. स्वयंपाकी म्हणून मलेशियाला जायचं चाललं होतं, त्यासाठीचं कर्जही मंजूर झालं होतं. बक्षीस लागलं आणि दारात मदत मागणाऱ्यांची रांग लागली. रोज, सकाळपासून. घरात राहणं अवघड झालं, आजारी लेकराला घेऊन धड दवाखान्यात जाता येईना. त्यापेक्षा तिसरं बक्षीस लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तो काही दिवसांतच वार्ताहरांना सांगू लागला. दारातली ती माणसंही वाईट नव्हती. बहुतेकांकडे कर्ज होतं, आजारपण होतं, मुलीचं लग्न होतं. आपापल्या तिकिटावर त्यांनीही हेच मागितलं होतं.

पुढच्या वर्षी त्यानं त्याच शहरात एक दुकान काढलं. तिथे लॉटरीची तिकिटं मिळतात.