कंप कसा जातो?



कुंभकोणम्हून पूर्वेकडे निघालो की थोड्याच अंतरावर तिरुभुवनम् लागते. आपल्यापैकी अनेकजण तिथे रेशमी साड्यांसाठी नाहीतर शरभेश्वराच्या दर्शनासाठी जातात. पण तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेल्या त्या मंदिराचा मुख्य देव आहे कंपहरेश्वर, म्हणजे थरकाप घालविणारा. हत्येच्या पापाने पछाडलेल्या राजाचा कंप इथे थांबला, अशी एक स्थलकथा आहे. शेजारच्या तिरुविडैमरुदूरची कथाही अशीच. वरगुण पांड्याच्या घोड्याखाली एक ब्राह्मण मेला आणि ते पाप राजाच्या पाठीस लागले. राजा पूर्वेच्या दाराने मंदिरात शिरला. पाप बाहेर वाट पाहत बसले. राजा पश्चिमेच्या दाराने निघून गेला.

याचा सोयीचा अर्थ असा की देवळात गेले, हिशोब संपला. मला तो पटत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. देणे वहीतून खोडले म्हणून फिटत नाही, एवढे मला कळते. मला वाटते, कथेतले खरे शहाणपण त्या दुसऱ्या दारात आहे. ज्या वाटेने पापापर्यंत आलो, त्या वाटेने परत जायचे नाही.

हे नुसते पुराण नाही. त्याच कावेरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी नावाचे गाव आहे. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तिथे एका झोपडीत आसऱ्याला शिरलेल्या 44 दलितांना जाळून मारले गेले. बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. शेतमजुरांनी मजुरीचे भात थोडे वाढवून मागितले होते आणि लाल झेंडा खाली उतरवला नव्हता. नागपट्टिनम्च्या सत्र न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. ज्याच्यावर मुख्य आरोप होता त्याचा 1980 मध्ये खून झाला. रक्त आल्या दारानेच परत गेले.

सरकारने चौकशी आयोग नेमला, 1969 मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी कमाल जमीनधारणेची मर्यादा 30 प्रमाण एकरांवरून 15 वर आली. कायदे हवेतच. पण मालकाच्या बांधावर मजूर मान खाली घालूनच उभा असेल, तर कागद कपाटात राहतो.

बातमी कळताच तिथे एक जोडपे धावून गेले: कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम् जगन्नाथन्. कृष्णम्माळ स्वतः दलित, भूमिहीन घरातल्या. आपल्या गागोद्याच्या विनोबांबरोबर भूदानासाठी चाललेल्या. दोघे त्याच भागात राहिले. 1981 मध्ये त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली आणि कामाची रीत ठरवली ती अगदी साधी. जमीनदाराकडे जाऊन बोलायचे, रास्त भाव ठरवायचा, बँकेचे कर्ज उभे करायचे, आणि एकेक एकर मजूर स्त्रीच्या नावे करायचा. हप्ते त्या बायकांनी आपल्या पिकातून फेडायचे. अशा रीतीने सुमारे 13,000 कुटुंबांकडे जमीन आली.

मला यातली एक गोष्ट फार भिडते. ज्या वर्गातल्या माणसांनी आग लावली, त्याच वर्गाच्या दारात जाऊन ही बाई बसली. शिव्या द्यायला नाही, भीक मागायलाही नाही. व्यवहार करायला. खरेदीखत करताना दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसतात आणि दोघांच्या सह्या लागतात. पिढ्यान्‌पिढ्या जे बसणे घडले नव्हते, ते तिथे घडले.

यामुळे त्या 44 जणांना न्याय मिळाला, असे मी म्हणणार नाही. तो मिळालेला नाही. समेट म्हणजे विसरणे, असे आपण सत्संगात सहज बोलून जातो. वेण्मणीच्या घरांत कोणी विसरलेले नाही. दरवर्षी 25 डिसेंबरला तिथे स्मारकाशी माणसे जमतात.

पुढच्या तीर्थयात्रेत कंपहरेश्वराचे दर्शन झाले की गाडी नागपट्टिनम्च्या दिशेने घ्या. वाटेत भाताची खाचरे लागतील. त्यांतली काही आता त्या बायकांच्या नावे आहेत.