ऐकणाऱ्याचें देणें

आमचा एक भाचा अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांत असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें एक चाकांवरचें घर भाड्यानें घेतलें आणि त्यांतून सहकुटुंब प्रवास करीत तो डोंगराळ भागांतील एका संगीताच्या जत्रेस चार दिवस जाऊन राहिला. या घरांत निजण्याची, रांधण्याची, स्नानाची सर्व सोय असते. पाण्याची टांकीही बरोबरच चालते. परत आल्यावर त्यानें आम्हांस लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत रस्त्यांचें व खाण्यापिण्याचें वर्णन पुष्कळ आहे; तें येथें देण्याचें कारण नाहीं. परंतु शेवटीं त्यानें एक प्रश्न विचारला आहे, तो आमच्या मनांतून जात नाहीं. "मामा," तो लिहितो, "चार दिवस मी नुसता ऐकत होतों. माझें कांहीं चुकलें काय?"

ज्या संगीतासाठीं ही जत्रा भरते त्यास तिकडे 'ब्लूग्रास' म्हणतात. केंटकी प्रांतास तेथील गवतावरून पडलेलें हें टोपणनांव. त्या प्रांतांत १९११ सालीं जन्मलेल्या बिल मन्रो या गायकानें तें आपल्या ताफ्यास दिलें, आणि ताफ्याचें नांव पुढें साऱ्या संगीतास चिकटलें. फिडल, मँडोलिन, बँजो, गिटार आणि माणसाएवढें उभें बास हीं त्याचीं वाद्यें. व्हर्जिनियांतच फिनकॅसल येथें १९६५ सालीं कार्लटन हेनी यानें भरविलेली जत्रा ही या संगीताची अनेक दिवस चाललेली पहिली जत्रा समजतात. मंचावर नांवाजलेले लोक वाजवितात. पण भाच्याचें म्हणणें असें कीं, खरें गाणें रात्रीं मंचावरचे दिवे मालवल्यावर, या चाकांच्या घरांमधल्या मोकळ्या जागेंत होतें. कोणी खुर्ची टाकून बँजो काढतो, दुसरा, ओळख ना देख, मँडोलिन घेऊन येतो, वर्तुळ जमतें. एकट्यानें वाजविण्याची पाळी वर्तुळांत फिरत जाते. ज्यास नको असेल तो मान हलवितो व पाळी पुढच्याकडे जाते. आमच्या भाच्यानें हें सारें आपल्या घराच्या खिडकीशीं बसून ऐकलें. बाहेर गारठा होता, मुलें निजलीं होतीं, आणि आपणांस कांहीं वाजवितां येत नाहीं, हीं त्याचीं कारणें.

या प्रश्नाचें एक उत्तर सोपें आहे. त्यानें तिकिटाचे पैसे भरले होते, घेणें-देणें मिटलें. परंतु तिकीट मंचाचें होतें, रात्रींच्या गाण्याचें नव्हतें. दुसरें उत्तर आमच्या प्राध्यापकी धंद्यांतलें. अभिनवगुप्तानें रसास्वादांत सहृदयास फार मोठें स्थान दिलें. तन्मय होऊन ऐकणाऱ्यावांचून कलाकृति पुरी होत नाहीं. हें आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविलें आहे, व तें खोटें आहे असें आजही म्हणवत नाहीं. या न्यायानें भाचा ऋणको न ठरतां गाणाऱ्यांचा भागीदार ठरतो. तथापि हें उत्तर ऐकणाऱ्यास फार सोयीचें आहे. सोयीच्या मताकडे जरा संशयानें पाहावें, ही संवय आम्हांस बालपणींच्या एका रात्रीनें लाविली.

आमचें गांव दर्यापूर तालुक्यांतलें. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. त्या ठिकाणीं स्नान केल्यानें माणूस ऋणांतून सुटतो अशी लोकांची समजूत आहे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना, म्हणजे १९८० च्या सुमारास, आजोबांनीं सर्व घराला बंडीनें तेथें नेलें. बंडीवर तट्टे बांधून ताडपत्री घातलेली. आंत वाकळा, पिठाचा डबा, रोडग्यांसाठीं गोवऱ्या, बैलांना कडबा, आणि पितळी हंड्यांत गोडें पाणी. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, तेव्हां पाणी बरोबर नेणें शहाणपणाचेंच होतें. पण तेवढेंच एक कारण नव्हतें, हें वाचकांस सांगावयास नको.

रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या बंडीपासून वीस-पंचवीस पावलांवर एका शेकोटीभोंवतीं भजन सुरू झालें. एकतारी, टाळ व एक खंजिरी, एवढाच सरंजाम. गाणाऱ्याचा आवाज कसा होता हें आज सांगतां येणार नाहीं. मात्र त्या थंडींतही आजोबांनीं ताडपत्रीची कड वर बांधून ठेविली, ती मध्यरात्र उलटेपर्यंत सोडली नाहीं. आजी डोळे पुशीत होती. तरी आमच्यापैकीं कोणीही खालीं उतरलें नाहीं. शेकोटीजवळ जागा होती, आणि आम्हां मुलांना ऊब हवीच होती. "आंतूनच ऐका," असें आजोबा म्हणाले, आणि आम्हीं आंतूनच ऐकलें.

सकाळीं आजीनें गड्याच्या हातीं सूपभर पीठ पाठविलें. थोड्या वेळानें गडी तें तसेंच परत घेऊन आला. निरोप असा होता: "पिठासाठी नाही म्हटलं जी. खाली येऊन बसले असते त झालं असतं." आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं बैल जुंपावयास सांगितले, व परतीच्या वाटेवर कोणी फारसें बोललें नाहीं.

आजोबा सहृदय नव्हते असें कोण म्हणेल? डोळ्यांतलें पाणी, जागरण, तन्मयता, शास्त्रांतल्या साऱ्या खुणा त्या बंडींत हजर होत्या. बंडीपासून जमिनीपर्यंतचें अंतर मात्र तीन हात होतें, आणि तें कोणत्याही रससिद्धान्तानें तोडलें नाहीं. तें पीठ स्वीकारलें गेलें असतें, तर गाणारा मजूर ठरला असता व आम्ही धनी; हिशेब पुरा होऊन ऋणाचें नांवच उरलें नसतें. टॉलस्टॉयनें कला माणसांस एकत्र आणते कीं नाहीं, ही तिची कसोटी मानली. त्या ग्रंथांत अतिरेक फार आहे. बेथोव्हेनची नववी सिंफनीही त्यानें या कसोटीवर नापास केली! पण कला बोलावीत असतां माणूसच उतरत नसेल तर नापास कोणास करावें?

त्याच ऋणमोचनास पूर्वीं गाडगेबाबांचा राबता असे. जवळच्याच शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या व १९०५ सालीं घर सोडलेल्या या पुरुषानें तेथें पूर्णेवर घाट बांधविला. त्यांचें कीर्तन ऐकणें आमच्या नशिबीं नव्हतें. १९५६ च्या डिसेंबरांत वलगांवजवळ, मोटारीच्या प्रवासांतच, त्यांनीं देह ठेविला. परंतु ज्यांनीं ऐकलें ते सांगत कीं, त्यांच्यापुढें नुसतें ऐकत बसणें शक्यच नसे. आधीं त्यांच्या हातीं खराटा, मागून कीर्तन. आणि कीर्तनांत प्रश्नांवर प्रश्न. कर्ज काढून सण करतां काय? शिवाशीव पाळतां काय? समुदायास उत्तर द्यावें लागे, आणि उत्तर देणाऱ्यास लपतां येत नसे.

यावर कोणी म्हणेल, मग काय सर्वांनींच गळा काढावा? आम्हांस सूर लागत नाहीं, हें आमच्या घरांत सर्वमान्य आहे. आम्ही टाळ हातीं घेतल्यास भजनाचें नुकसानच व्हावयाचें. भाच्याच्या पत्रांतील वर्तुळांत तर मान हलविण्याची मुभाच आहे. मात्र मान हलवावयास वर्तुळांत बसावें लागतें. खिडकींत हलविलेली मान कोणास दिसते?

त्या वर्तुळाची कथाही अगदीं निर्मळ नाहीं. बँजोचें मूळ आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. स्वतः बिल मन्रोनें लहानपणीं आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णी वादकापासून पुष्कळ घेतलें, व तें तो मोकळेपणीं सांगे. असें असून, भाचा लिहितो, चार रात्रींत त्या वर्तुळांत कृष्णवर्णी चेहरा त्यास एकही दिसला नाहीं. हें वाचून आम्हांस अंमळ बरें वाटलें, हें कबूल करतों. दुसऱ्याची थकबाकी पाहिली कीं आपली हलकी वाटूं लागते.

भाच्यास उत्तर लिहिण्यापूर्वीं आम्हीं आईला ती रात्र आठवते काय म्हणून विचारलें. तिचें वय आतां ८० च्या पुढें आहे. तिला बंडी आठवत होती, परत आलेलें पीठही आठवत होतें. "तो गाणारा कोणत्या गांवचा होता ग?" असें विचारतांच ती आमच्याकडे नवलानें पाहूं लागली.

"कोणत्या म्हणजे? आपल्याच गावचा होता न रे तो," ती म्हणाली. "त्याची बायको आपल्याच वावरात कापूस वेचाले येत जाय."