शिस्त आधीं कोणाची?

जुनी शाळा बरी कीं नवी, हा वाद आईबापांत वारंवार होतो. एक म्हणतो, "छडीचा धाक होता, म्हणून पाढे आजहि तोंडपाठ आहेत." दुसरा म्हणतो, "मुलानें हंसत खेळत शिकावें." दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. पंतोजींनीं घोकून घेतलेल्या पावकी-निमकीच्या बळावर शेतकऱ्याचें पोर बाजारांत फसत नसे. परंतु छडीच्या भयानें जें मूल शाळेस कायमचें अंतरलें, त्याचा हिशेब कोणीं ठेविला?

ह्या वादावर एका कार्यानें बराच प्रकाश पडतो. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यांवरील आदिवासी मुलें शाळेंत येईनात. तेव्हां त्यांस आळशी न म्हणतां ह्या बायांनीं शाळाच पाड्यावर नेली, आणि अंगणांत वर्ग भरूं लागले. पुढें कोसबाड येथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरविली. माँटेसरी पद्धतीचीं महाग साधनें खेड्यांत कोठून आणावीं? खडे, शिंपले, बिया, पानें हींच साधनें झालीं.

वाचकहो, येथें शिस्त सुटली असें कोण म्हणेल? ती मुलांच्या आधीं शिक्षकांनीं स्वतःस लावून घेतली, एवढाच भेद. रोज उठून पाड्यावर जाणें हें हातांत छडी घेण्याहून कठीण आहे.

म्हणून नवी पद्धति ही शिक्षकाच्या आळसाची ढाल होऊं नये. खेळाच्या नांवाखालीं मुलांस नुसतें मोकळें सोडलें, तर सधनाच्या मुलास घरीं कोणी शिकवील. मोलमजुरी करणाऱ्याचें मूल मात्र अक्षरांवांचून राहील. त्याच्यावरील हा अन्याय छडीच्या अन्यायाहून लहान नव्हे. पाढे त्यालाहि आलेच पाहिजेत. ते भयावांचून यावेत, इतकेंच.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळेंत मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, हें योग्यच झालें. परंतु कायदा हातांतील छडी काढून घेऊं शकतो. अंतःकरणांत माया घालूं शकत नाहीं. तें काम गुरुजींचें आणि आपलें आहे. ह्यापुढें शाळेची पारख करितांना पद्धतीचें नांव विचारूं नये. जें मूल शाळेंत आलें नाहीं, त्याच्या दारीं आज कोण गेलें, हें विचारावें.